टॉर्व्हानचे इन्स्पेक्टर

टॉर्व्हानच्या राज्यात पाऊल ठेवल्यावर जगातला प्रत्येक माणूस आधी तलवार शोधतो. आमचे हुक्केरी अण्णा वही शोधतात.

टॉर्व्हान हा व्हिडिओ गेम आहे आणि अण्णांचं वय चौसष्ट आहे. या दोन गोष्टी एका वाक्यात लिहिताना मलाच कसंतरी होतं, पण त्याला इलाज नाही. गेल्या पंचवीस-सव्वीस वर्षांत या गेमचे नऊ भाग आले. राज्य तेच, राजे बदलतात, राक्षस वाढतात. नवा भाग आला की लोक रजा टाकून लढायला बसतात. अण्णा पहिले तीन दिवस कुणाच्या अंगाला हात लावत नाहीत. ते नुसते चालतात. जुनी प्रत्येक वस्तू जागेवर आहे की नाही हे बघत गावोगाव हिंडतात आणि वहीत नोंद करतात. पूल, कमानी सात, पास. चौकातली घंटा, पास. खानावळीच्या पायऱ्या पाच होत्या, चार झाल्या, रिजेक्ट. एखादा राक्षस मागून येऊन डोक्यात गदा घालतो तेव्हा अण्णा नाइलाजाने त्याला मारतात, "मधे मधे करायलाय," एवढंच म्हणतात आणि परत पायऱ्या मोजायला लागतात.

सहाव्या भागात पुलाची एक कमान कमी भरली. अण्णांनी कंपनीला पत्र लिहिलं. ईमेल नव्हे, पत्र, रजिस्टर पोस्टाने, सोबत पुलाचं पेन्सिलीने काढलेलं ड्रॉइंग. पाचव्या भागात सात, सहाव्यात सहा, कृपया खुलासा करावा. कंपनीकडून आभाराचं उत्तर आलं, खुलासा आला नाही. अण्णांनी ते उत्तर फायलीला लावून त्यावर 'असमाधानकारक' असा शेरा मारला. सातव्या भागात कमानी पुन्हा सात झाल्या. हे पत्रामुळे झालं की आपोआप, ते मला विचारू नका. अण्णांना विचारलंत तर ते मान खाली घालून चष्मा पुसतात.

मी मूळचा चिंचवडचा. चार वर्षांपूर्वी नोकरीसाठी बेंगळुरूला आलो आणि जे. पी. नगरमधल्या एका तीन मजली इमारतीत अण्णांच्या समोरच्या दारात राहू लागलो. सामान लावत होतो तेव्हा अण्णा आले, माझ्या दाराची नवी कडी बघितली आणि म्हणाले, "स्वल्प वाकडी हाय." घरातून स्क्रू ड्रायव्हर आणून त्यांनी ती सरळ केली आणि मग नाव विचारलं. ते नाव त्यांनी आजवर एकदाही घेतलेलं नाही. ते मला पुणेकर म्हणतात. चिंचवड म्हणजे पुणे नव्हे, हे मी दोनदा सांगून पाहिलं. त्यावर त्यांचं म्हणणं, स्वल्प फरक. कडीतला स्वल्प फरक त्यांना खपत नाही, माझ्या गावातला खपतो.

ते निपाणीकडचे. घरात मराठी, दुकानात आणि रिक्षात कानडी. होसकोट्याच्या एका यंत्रांच्या कारखान्यात तीस वर्षं फायनल इन्स्पेक्टर होते. कारखान्याबाहेर जाणाऱ्या प्रत्येक पार्टवर शेवटची सही त्यांची. कारखान्यात कॉम्प्युटर आले तेव्हा शिकण्यासाठी म्हणून त्यांनी घरी एक घेतला आणि दुकानदाराने त्यात टॉर्व्हानचा पहिला भाग फुकट घालून दिला. कॉम्प्युटर अण्णा तीन महिन्यांत शिकले. टॉर्व्हान अजून चालू आहे. मूलबाळ नाही. पत्नी आहेत, सुधाक्का. मी आलो तेव्हा त्या जिन्यात भेटायच्या, हसायच्या. पुढे त्यांचं बाहेर येणं कमी झालं, मग बंदच झालं. त्यांची तब्येत बरी नसते, एवढं इमारतीत सगळ्यांना माहीत होतं. अण्णांना विचारलं की ते म्हणायचे, "सुधा झोपलीय." सकाळी विचारा, दुपारी विचारा, सुधाक्का झोपलेल्याच असायच्या.

एकाच गेमला लोक पंचवीस-पंचवीस वर्षं कसे चिकटून राहतात, हे मी अण्णांना एकदा विचारलं होतं. त्यांनी मलाच उलट विचारलं, तुमच्या शाळेसमोर काय होतं? सायकलचं दुकान, मी म्हटलं. आणि आता? आता बँक आहे.

"इथं बनशंकरीला जाताना डाव्या हाताला चिंचेची चार झाडं होती," अण्णा म्हणाले. "आज त्यातलं एक तरी दाखवा. टॉर्व्हानात विहीर जिथं होती तिथंच हाय. माणूस तिथं लढायला जात नाही, पुणेकर. सगळं जागच्या जागी हाय का, ते बघायला जातो."

मला वाटलं, उतारवयात खेळत बसायला बरं निमित्त शोधलंय. तोंडाने मी खरं आहे, खरं आहे म्हटलं.

आता माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथेच झाला. परदेशातल्या कंपन्या गेम बनवतात आणि बाजारात येण्याआधी तो आमच्या ऑफिसात येतो. आम्ही दिवसभर भिंतींना धडका मारून, दारं शंभर वेळा उघडून, कुठे काय बिघडतंय ते शोधतो आणि बग टाकतो, म्हणजे दोषाची नोंद करतो. मी टेस्टर आहे म्हटल्यावर अण्णांना कोण आनंद झाला होता. म्हणजे तुम्ही आमच्यातलेच, म्हणाले. तेव्हापासून ते मला अधूनमधून धंद्यातल्या चार गोष्टी शिकवायचे. त्यातली मुख्य अशी की जुनं ड्रॉइंग बघितल्याशिवाय कुठलाही पार्ट रिजेक्ट करायचा नाही. मी ती या कानाने ऐकली आणि त्या कानाने सोडून दिली.

गेल्या वर्षी टॉर्व्हानचा दहावा भाग टेस्टिंगला आमच्याकडे आला. घरच्या माणसांनाही सांगणार नाही, अशा अकरा पानी कागदावर आम्ही सह्या केल्या. समोरच्या दाराआड या गेमचा जगातला सगळ्यात कडक इन्स्पेक्टर राहतो आणि तो गेम रोज माझ्या टेबलावर असतो, हे मनात ठेवून जिना चढायला मला सुरुवातीला मजा वाटायची.

मी आधीचे नऊ भाग खेळलो नव्हतो. आम्हाला त्याची सक्ती नव्हती आणि मला हौस नव्हती. एका दुपारी मी त्या राज्यातल्या एका विहिरीपाशी गेलो. वाटेच्या मधोमध एक म्हातारा बसलेला. घोड्यावरून आलं की घोडा त्याला अडायचा आणि तिथेच अडकून बसायचा. जवळ थांबलं की म्हातारा थोड्या थोड्या वेळाने एकच वाक्य म्हणायचा, मुलगी संध्याकाळपर्यंत येईल. त्याच्याकडे काम नाही, माहिती नाही, पुढे त्याचं काही होत नाही. मी बग टाकला. पात्राला काही काम नाही, वाट अडवतं, काढून टाकावं. तीन दिवसांनी उत्तर आलं, काढून टाकलं. आमच्या लीड शालिनी मॅडमनी आठवड्याच्या बैठकीत त्या बगचं कौतुक केलं. मी त्या दिवशी ऑफिसातून आनंदात घरी आलो.

पुढच्या रविवारी सकाळी अण्णांकडे कॉफीला बसलो होतो. दहावा भाग येणार असल्याची बातमी तोवर बाहेर फुटली होती आणि अण्णा नव्या वहीत रेघा आखत होते. यावेळी काय काय बघणार, असं मी उगाच विचारलं. ते म्हणाले, पूल, घंटा, खानावळ, हे आहेच. त्यात इकडचं तिकडं झालं तर ते पत्र लिहितील. मग त्यांनी पट्टी खाली ठेवली.

"पण विहिरीवरचे तात्या पाहिजेत," ते म्हणाले. "तात्या नसले तर मी तो भाग घरात आणणार नाही. मग टॉर्व्हान संपलं."

मी विचारलं, कोण तात्या? आवाज नेहमीसारखा ठेवणं मला जड गेलं. ते म्हणाले, एक म्हातारे आहेत. पहिल्या भागापासून विहिरीवर मुलीची वाट बघत बसलेत. नाव सुधाने ठेवलेलं. नऊही भागांत आहेत, मुलगी अजून आली नाही.

तेवढ्यात आतून भांडं पडल्याचा आवाज आला. अण्णा झटकन उठून आत गेले आणि दार लावून घेतलं. माझी कॉफी गार झाली. त्या माणसाला मी चारच दिवसांपूर्वी माझ्या हाताने काढून टाकलं होतं आणि त्याबद्दल शाबासकी घेतली होती. अण्णा बाहेर आले तेव्हा मी काम आहे सांगून पळालो.

सोमवारी सकाळी मी शालिनी मॅडमसमोर उभा होतो. बाई म्हैसूरच्या, शांत, पण कामाला चोख. त्यांनी माझाच बग माझ्यासमोर उघडला आणि मलाच वाचायला लावला. वाट अडते हे खरं आहे ना? खरं आहे. मग परत का हवा? चाहते नाराज होतील, मी म्हटलं. त्या म्हणाल्या, चाहते रोज नाराज असतात. पुरावा आण. कुठल्या भागात तो कुठे बसलाय, काय म्हणतो, सगळं लेखी हवं. पुढच्या शुक्रवारी गेमला कुलूप लागणार, त्यानंतर आत काही घालता येणार नाही की बाहेर काढता येणार नाही.

हातात दहा-अकरा दिवस. इंटरनेटवर शोधलं तर राक्षस कसे मारायचे यावर ढीगभर माहिती, तात्यांचं कुठे नाव नाही. कुणाच्याही कामाचा नव्हता ना तो. असं सगळं लिहून ठेवणारा माणूस जगात एकच होता आणि नेमकं त्यालाच काही सांगायची मला मनाई होती.

मी दार वाजवलं आणि अण्णांकडे त्यांच्या वह्या मागितल्या. कशाला, त्यांनी विचारलं. माझ्या मावसभावाला या गेमचा नाद आहे, मी सांगितलं. अण्णांनी माझ्याकडे नीट पाहिलं. तीस वर्षं ज्या नजरेने त्यांनी तडा गेलेले पार्ट हुडकून काढले ती नजर आपल्यावर आली की काय होतं, ते मला त्या दिवशी कळलं. मावसभावाचं नाव त्यांनी विचारलं आणि मला ते चटकन सुचलं नाही.

"सरी," म्हणजे ठीक आहे, एवढंच अण्णा म्हणाले. पण वही घराबाहेर जाणार नाही, अशी अट घातली. मास्टर कॉपी खोलीबाहेर जात नसते. हवं तर इथे बसून उतरवून घ्या.

मग चार दिवस मी ऑफिसातून लवकर निघून अण्णांच्या बाहेरच्या खोलीत बसलो. समोर नऊ वह्या, प्रत्येकीला खाकी कव्हर. तात्या प्रत्येकीत सापडले. पहिला भाग, विहिरीच्या पूर्वेला, तपकिरी टोपी, पास. तिसरा, टोपी नाही, पास. दुसऱ्या वहीत तात्यांच्या नोंदीखाली वेगळ्या, गोल अक्षरात एक ओळ होती, यांना कुणीतरी पाणी द्या की. ते अक्षर सुधाक्कांचं असणार. पूर्वी त्याही शेजारी बसून बघत असाव्यात. आठव्या भागापासून मात्र नोंदी विचित्र होत गेल्या. पुलाला दोन ओळी आणि तात्यांना पानंच्या पानं. डावीकडून गेल्यास चेहरा स्पष्ट दिसतो. घोड्यावरून जाऊ नये. संगीत बंद ठेवावे. सावकाश. नवव्या वहीत तर तात्यांच्या चेहऱ्यावर कुठल्या वेळी ऊन येतं त्याचं कोष्टकच होतं. मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. पण लिहून घेतलं.

मी लिहायचो तेव्हा अण्णा आत असायचे. दार लावलेलं, पण आवाज ऐकू यायचा. अण्णा सुधाक्कांशी बोलायचे, ते अगदी हळू आणि अहोजाहो करून. थोडं घ्या. गरम आहे, सांभाळून. तुम्हाला आवडेल बघा. माझ्याशी बोलताना ते त्यांना सुधा म्हणायचे आणि आत गेले की एकदम अहोजाहो. निपाणीकडे अशी पद्धत असेल किंवा अण्णांचा हा आणखी एक चक्रमपणा असेल, असं मी धरून चाललो. त्याहून जास्त विचार करायला मला वेळ नव्हता. दिवस संपत होते.

सोमवारी मी सहा पानी निवेदन दिलं. शालिनी मॅडमनी ते वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि पुढे पाठवलं. बुधवारी उत्तर आलं. निवेदन चांगलं आहे, पण वाट अडते हा दोष खरा आहे, बदल होणार नाही. खाली बग बंद केल्याची खूण.

बुधवारी संध्याकाळी मी जिन्यातच अण्णांना गाठलं. ते दूध घेऊन येत होते. मी सरळ विचारलं, अण्णा, एखादा पार्ट चांगला आहे, पण जागेवर बसवला की दुसऱ्याला अडतो. अशा वेळी कारखान्यात काय करायचे?

अण्णा एक पायरी वर होते, तिथेच थांबले. कुठला पार्ट, हे त्यांनी विचारलं नाही.

"पार्टात दोष नसंल तर पार्ट फेकायचा नाही," ते म्हणाले. "जागा बघायची. दीड मिलिमीटर सरकवून बघायचं. बसतो."

गुरुवारी सकाळी मी बग पुन्हा उघडला. विहिरीची नवी मापं घेतली, घोडा किती जागा खातो ते मोजलं आणि लिहिलं, पात्र दीड पाऊल डावीकडे, झाडाखाली बसवावं, वाट मोकळी राहते. सोबत चित्र जोडलं. दुपारी त्यावर 'विचाराधीन' अशी खूण आली. शुक्रवारी संध्याकाळी सहाला कुलूप लागायचं होतं. शुक्रवारी जेवणानंतर आमच्या अख्ख्या टीमला दुसऱ्या कामावर घेतलं, ट्रक चालवायच्या गेमवर, आणि टॉर्व्हानचं दार आमच्यासाठी बंद झालं. मी शालिनी मॅडमना विचारलं, काय झालं असेल? त्या म्हणाल्या, त्यांनाही आता दिसत नाही. बाजारात येईल तेव्हा कळेल.

त्यानंतरचे सात आठवडे मी अण्णांना टाळलं. लिफ्ट नसलेल्या इमारतीत समोरासमोर राहून माणसाला टाळणं सोपं नाही. मी चपला हातात घेऊन जिना उतरायचो. काय सांगणार होतो? तात्या असतील म्हणून सांगावं तर मला ठाऊक नव्हतं, नसतील म्हणावं तर तेही माझ्याच करणीने. दिवसभर मी ट्रक खांबांवर आपटायचो आणि डोक्यात विहीर असायची. मला अण्णांची खरोखर भीती वाटायला लागली होती, आणि स्वतःची लाज.

दहावा भाग एका शनिवारी आला. सकाळी साडेदहाला माझं दार वाजलं. चार वर्षांत, ती कडी सोडली तर, अण्णांनी आपण होऊन माझं दार वाजवलं नव्हतं. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून उभे होते.

"चला," ते म्हणाले. "तुमच्यासमोर बघायचंय."

टीव्हीसमोर दोन वेताच्या खुर्च्या मांडल्या होत्या. अण्णा त्यांतल्या एकीवर बसले नाहीत. मला दिवाणावर बसवून स्वतः उभेच राहिले आणि हातात गेम चालवायचं हँडल घेतलं. गेम सुरू झाला. पूल आला. मी नकळत कमानी मोजल्या, सात होत्या. अण्णांनी मोजल्या नाहीत. वही कोपऱ्यात मिटलेली होती. घंटा मागे गेली, खानावळ मागे गेली, ते कुठेही थांबले नाहीत. घोडा मिळाला तरी घेतला नाही, पायी निघाले. पडद्यावरचा त्यांचा माणूस सारखा वाट सोडून गवतात जात होता आणि ते त्याला परत वाटेवर आणत होते.

मला ते बघवेना. मी म्हटलं, "अण्णा, तात्यांना मी काढलं होतं. मला माहीत नव्हतं. परत बसवायचा प्रयत्न केलाय, पण बसवलेत की नाही ते ठाऊक नाही."

अण्णांनी पडद्यावरची नजर काढली नाही.

"वहीतलं तात्यांचं तेवढंच उतरवून घेत होता तुम्ही," ते म्हणाले. "आधी बघू."

त्यांनी संगीत बंद केलं. डावीकडची पायवाट धरली. टेकाड चढून माणूस वर आला आणि विहीर दिसली. वाट रिकामी होती. अण्णा थांबले नाहीत, आणखी चार पावलं गेले. मग झाडाच्या बुंध्यामागून आधी एक गुडघा दिसला, मग हात, मग चेहरा. तात्या झाडाखाली बसले होते, जुन्या जागेपासून दीड पाऊल डावीकडे. ऊन फांद्यांखालून सरळ तोंडावर येत होतं.

अण्णांनी हँडल टीव्हीशेजारी ठेवलं. रुमालाने दोन्ही हात पुसले आणि ते आत गेले.

थोड्या वेळाने सुधाक्कांचा हात धरून ते बाहेर आले. मी त्यांना जवळजवळ दोन वर्षांनी बघत होतो. खूप वाळल्या होत्या. केस नीट विंचरलेले, अंबाड्यावर शेवंतीचा गजरा, तो कुणी माळला ते सांगायला नको. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण ओळख दिसली नाही. अण्णांनी त्यांना एका वेताच्या खुर्चीवर बसवलं आणि ते दोन पावलं मागे सरून उभे राहिले. त्या बराच वेळ पायाजवळच्या फरशीकडे बघत होत्या. मग त्यांनी मान वर केली.

तात्या म्हणाले, मुलगी संध्याकाळपर्यंत येईल. इंग्रजीतच म्हणाले. पण सुधाक्कांचा चेहरा असा उजळला की मी दिवाणावर पुढे सरकलो.

"अगंबाई, तात्या," त्या म्हणाल्या. "अजून इथंच बसलाय होय. जेवलासा का न्हाई?"

आणि मग त्या तात्यांशी बोलायला लागल्या. ऊन फार आहे. पोरीला उशीर झाला असेल, बस मिळाली नसेल. मला रडू यायला लागलं आणि मी ते आवरलं नाही. त्या वह्या, ते उन्हाचं कोष्टक, डावीकडची पायवाट, दाराआडचं ते अहोजाहो, सगळं मला एकदम कळलं. अण्णा पंचवीस वर्षं काय तपासत होते ते मला माहीत नाही. गेली काही वर्षं ते काय तपासत होते ते मात्र मी बघत होतो.

बोलता बोलता सुधाक्का थांबल्या. मागे कुणीतरी उभं आहे हे त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी वळून अण्णांकडे पाहिलं, पदर सावरला आणि परक्या माणसाला विचारतात तसं विचारलं, "तुमची ओळख न्हाई पटली. तुम्ही कोण म्हणायचं?"

अण्णांनी हात जोडले. त्यांना हा प्रश्न नवा नव्हता, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं.

"मी या तात्यांच्या ओळखीचा," ते म्हणाले.

सुधाक्कांनी एकदा पडद्यावर पाहिलं, एकदा अण्णांकडे. मग शेजारची खुर्ची हाताने जवळ ओढली.

"मग उभे का? बसा की."

अण्णा बसले. खुर्चीच्या अगदी कडेला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, पहिल्यांदाच कुणाच्या घरी आलेला माणूस बसतो तसे.